च ते ठ रांगांचं मत

रेक्झिनराव चौतीस वर्षं चित्रपटगृहात कामाला होते आणि त्यांनी एकही सिनेमा पुरता पाहिला नव्हता. याची त्यांना खंत नव्हती. उलट थोडा ताठाच होता. सिनेमा पाहणारे ढीगभर आहेत, ते म्हणत. पाहणाऱ्यांकडे कोण बघतं?

ते बघत. म्हणजे माणसांकडे नव्हे. माणसं उठून गेल्यावर मागे राहतात त्या खुर्च्यांकडे.

चौदा रांगा, दर रांगेत सोळा, अशा दोनशे चोवीस खुर्च्या त्यांच्या जिवावर उभ्या होत्या. फाटलेलं रेक्झिन शिवायचं, बसका झालेला फोम बदलायचा, लुळा पडलेला हात घट्ट करायचा. सकाळी साडेआठला, पहिल्या खेळाआधी, एका हातात टॉर्च, कानामागे खडू आणि खिशात दाभण अशा थाटात ते पहिल्या रांगेपासून निघत. त्यांचं खरं नाव बायकोला आणि पोस्टमनला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांचे ते रेक्झिनराव.

एवढ्या वर्षांत त्यांना खुर्च्या वाचता यायला लागल्या होत्या. रडका सिनेमा असला की खुर्चीच्या फटीत कागदी रुमालांचे बोळे सापडत. विनोदी असला की मागच्यांच्या गुडघ्यांचे खळगे पुढच्या खुर्च्यांच्या पाठींत पडलेले असत. भुताचा असला की खुर्चीच्या हातांच्या टोकांवर नखं उमटत. आणि कंटाळवाणा सिनेमा तर त्यांना दारातूनच कळे. कंटाळलेल्या माणसाची बोटं रिकामी असतात. रिकामी बोटं फोम उपसतात, तिकिटाच्या होड्या करतात, शेजारच्या खुर्चीवर स्वतःचं नाव कोरतात. एकदा एका मोठ्या गाजावाजाच्या सिनेमानंतर थ रांगेतून अर्धी उशी भरेल एवढा फोम निघाला होता. रेक्झिनरावांनी दुसऱ्याच दिवशी मॅनेजरला सांगितलं, हा गेला. मॅनेजर पेपरातली परीक्षणं वाचून ठरवत. त्यांनी सिनेमा महिनाभर ठेवला आणि महिनाभर रिकाम्या खुर्च्यांना दाखवला.

या विद्येचा रेक्झिनरावांना आयुष्यात एकदाच ताप झाला. तो मेहुण्यामुळे.

मेहुणा नट होता. सव्वीस सिनेमे केले होते आणि त्यातल्या बावीसांत त्याच्या अंगावर पोलिसाची वर्दी होती. साहेबांच्या मागून जिना चढायचा, ‘साहेब, पळाला’ म्हणायचं, आणि जमलं तर मध्यंतराआधी गोळी खायची. गावभर त्याला हवालदार म्हणत. तो रस्त्याने निघाला की खरेखुरे वाहतूक पोलीस त्याला सलाम ठोकत आणि हसत.

हे नाव एका व्यक्तीला मुळीच खपत नसे. त्याच्या बहिणीला, म्हणजे रेक्झिनरावांच्या बायकोला. आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि तो पाच. तिने त्याला न्हाऊ घातलं, शाळेत पोचवलं, पाढे घोकून घेतले. लग्न होऊन ती या घरी आली तेव्हा तोही आला, आठवडाभरासाठी म्हणून. सहा वर्षं राहिला. रेक्झिनरावांनी त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. फक्त कधीतरी म्हणत, मला बायको मिळाली ती हवालदारासकट.

तर या हवालदाराने स्वतः सिनेमा काढला. पहिलाच. एक बँक, आत सात माणसं ओलीस, एक पिस्तूलवाला, बाहेर पोलिसांचा वेढा आणि एक दिवस. दिग्दर्शन त्याचं आणि पिस्तूलवालाही तोच.

प्रदर्शनाच्या महिनाभर आधी तो घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, “भाऊजी, एक करा. माझ्या सिनेमाला लोक जरा नीट बसले पाहिजेत.”

रेक्झिनरावांनी हे फारच मनावर घेतलं.

च ते ठ या मधल्या सहा रांगा म्हणजे सगळ्यांना हव्या असणाऱ्या. त्याच सगळ्यात झिजलेल्या. सहा सोळे शहाण्णव खुर्च्या. आजवर ते मोठ्या तुकड्यातून सपाट फोम कापून घालत. या वेळी त्यांनी तयार फोम मागवला, उताराचा. एक बाजू जाड, एक पातळ. माणूस त्यात मागे रेलून अलगद बसतो, असं फोमवाल्याने छातीठोक सांगितलं होतं. प्रत्येक तुकड्यावर एक बाण छापलेला होता. तो कुणीकडे करायचा ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

रेक्झिनरावांनी अर्धा मिनिट विचार केला. चित्रपटगृहात सगळ्यांची तोंडं पडद्याकडे असतात. खुर्च्यांची, माणसांची, झाडूवालीच्या झाडूचीसुद्धा. तेव्हा बाणही पडद्याकडेच जाणार. चार दिवसांत त्यांनी शहाण्णव बाण पडद्याकडे केले, वरून रेक्झिन ताणलं, पिना ठोकल्या. प्रत्येक खुर्ची तपासली: दोनदा तळवा दाबून, एकदा गुडघा टेकून. बसून पाहण्याची त्यांची पद्धत नव्हती. न्हावी काय स्वतःची दाढी करून वस्तरा तपासतो, असं ते विचारत. न्हावी तसंच करत असेल हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

शुक्रवारी सिनेमा लागला. नातेवाईक ज रांगेत, मेहुणा मधोमध, रेक्झिनराव नेहमीप्रमाणे बाहेर गाडीवर चहा पीत.

दोन तास अकरा मिनिटांनी दारं उघडली आणि लोक बाहेर आले ते धापा टाकत. एक जाडगेले वकील कंबरेवर हात ठेवून म्हणाले, बाप रे, सबंध वेळ मांड्या आवळून बसलो होतो. एका बाईने सांगितलं की नऊ वर्षांत तिने पहिल्यांदा नवऱ्याचा हात धरला, आणि तोही दोन्ही हातांनी. एक चुलत सासरे काठी टेकत आले आणि एवढंच बोलले की पोराने पाठ टेकू दिली नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात परीक्षण आलं. लिहिणारा ट रांगेत पाच नंबरला बसला होता. त्याने लिहिलं होतं की हा सिनेमा प्रेक्षकाला निवांत बसू देत नाही, सतत पुढे खेचत राहतो. मॅनेजरने ते कात्रण मोठं करून तिकीट खिडकीवर चिकटवलं.

तक्रार एकच होती. मेहुणा पडद्यावर पहिल्यांदा दिसला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँकेतल्यांना सोडवायला हवालदार आला असं त्यांना वाटलं. त्याने पिस्तूल काढलं तरी वीसेक मिनिटं काही जणांचा विश्वास बसला नाही. तो साध्या वेशातला पोलीस असणार, असं त्यांचं म्हणणं.

रेक्झिनरावांच्या बायकोची तर त्या रात्रीपासून पाठ धरली होती. ती येणाऱ्याजाणाऱ्यासमोर मलम लावी आणि प्रत्येकाला कारण सांगे. दुखण्याचा एवढा अभिमान त्या घरात आधी कुणी बाळगला नव्हता.

सोमवारी मेहुणा आला. परीक्षणाची घडी खिशातच होती. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एका रोजच्या मालिकेत त्याला काम आलं होतं, दोन वर्षांचं, पक्कं. हवालदाराचं. मालिकावाल्यांना गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत उत्तर हवं होतं. दुसरी गोष्ट, तो नाही म्हणणार होता. वर्दी संपली. पुढच्या सिनेमाची कथाही तयार होती. या वेळी एक नव्हे, दोन बसगाड्या, आणि ओलीस चाळीस.

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. बावीस सिनेमांत भावाला गोळ्या खाताना पाहिलेल्या बहिणीचं ते पाणी होतं.

मग मेहुणा खाली बघत म्हणाला, “भाऊजी, लोक तोंडावर गोड बोलतात. मी नट आहे, मला कळतं. तुमच्या खुर्च्या काय म्हणतात ते सांगा. तुम्ही हो म्हणालात की मी त्यांना फोन करून टाकतो.”

रेक्झिनरावांनी खुर्च्या अजून नीट तपासल्या नव्हत्या. नव्या होत्या, आणि हॉलमध्ये दिवसाला चार खेळ चालू होते. उद्या बघतो, ते म्हणाले. मेहुणा गेल्यावर बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“खुर्च्या चांगलंच म्हणतात,” ती म्हणाली. “लक्षात ठेवा.”

मंगळवारी सकाळी ते टॉर्च घेऊन निघाले. क रांग. तिकिटाच्या तीन होड्या, एक विमान. ख रांगेत कुणीतरी फोम उपसून त्याची छोटी बाहुली केली होती, चांगली हातपायवाली. ग आणि घ मध्ये नखाने काढलेल्या नक्ष्या. हे सगळं त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं.

मग च रांग आली आणि ते थबकले. इथे एकही होडी नव्हती. फोमला कुणी बोट लावलं नव्हतं. खुर्च्यांच्या पाठी कोऱ्या करकरीत. इतक्या खेळांनंतर डोकं टेकल्याचा एक तेलकट डागही नाही. बैठकीची पुढची कड मात्र घासून चकाकत होती आणि हातांवर दहाच्या दहा बोटांचे वळ. च ते ठ सगळं तसंच. त्यांचं मन भरून आलं. असं त्यांनी चौतीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

ठ संपली, ड सुरू झाली. ड मध्ये सात होड्या.

रेक्झिनराव पॅसेजमध्ये उभे राहिले. लोकांचं मत बदलतं, हे त्यांना मान्य होतं. श्रीमंत-गरीब, म्हातारे-तरुण यांचं वेगळं असतं, तेही मान्य होतं. पण मत कधी रांगेच्या रेघेवर बरोबर येऊन बदललेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. ठ मध्ये जीव मुठीत आणि ड मध्ये होड्या, हे कसं?

विचार करायला म्हणून ते ज रांगेतल्या बारा नंबरच्या खुर्चीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा, स्वतः केलेल्या खुर्चीवर.

बसले आणि हळूहळू खाली निघाले. पाय रोवले तर गुडघे वर आले. मागे रेलले तर कंबर पुढे गेली. शेवटी खुर्चीचे दोन्ही हात धरून त्यांनी स्वतःला अडवलं, तेव्हा त्यांची दहा बोटं बरोबर त्या वळांवर पडली. टॉर्च गडगडत च रांगेपर्यंत गेला.

एका हाताने खुर्ची धरून त्यांनी तिथूनच फोमवाल्याला फोन लावला. बाण कुणीकडे, विचारलं. पाठीकडे, तो म्हणाला, आणि का हो, असं विचारू लागला. रेक्झिनरावांनी फोन ठेवला. खुर्चीचा हात सोडला. घसरत घसरत जमिनीवर येऊन बसले आणि तिथेच बसून राहिले.

त्यांच्यासमोर आता सरळ हिशेब होता. मेहुण्याचं कौतुक करणारी माणसं खरी होती, त्यांची धाप खरी होती, बायकोची पाठसुद्धा खरी होती. खोटा होता तो फोम. आणि त्या फोमच्या जोरावर एक माणूस गुरुवारी सहाला दोन वर्षांची भाकरी नाकारणार होता.

पण कबुली देण्याआधी त्यांना खात्री करायची होती. बुधवारी दुपारचा खेळ सुटला तेव्हा ते बाहेर पडायच्या दाराशी उभे राहिले. डोअरकीपर त्यांचा जुना दोस्त. त्याला वाटलं, यांचं काहीतरी हरवलं. रेक्झिनराव येणाऱ्या प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारत होते. कसा वाटला? आणि कुठल्या रांगेत होता?

छ रांगेतला एकजण म्हणाला, जबरदस्त, अजून पाय थरथरताहेत. झ मधल्या दोन मुली म्हणाल्या, बसवतच नाही हो. त रांगेतल्या आजोबांनी सांगितलं की मध्यंतरानंतर त्यांना झोप लागली ती पोलिसांच्या भोंग्याने मोडली, आणि भोंगा फारच मोठा होता. ग रांगेतल्या एका माणसाचं मत असं पडलं की एवढा वेळ बँकेत अडकवायचं तर त्याचं पासबुक तरी भरून द्यायचं. एक जोडपं भांडतच बाहेर आलं. त्यांना शेजारशेजारची तिकिटं मिळाली नव्हती. तो ठ मध्ये, ती बरोबर त्याच्या मागे ड मध्ये. त्याचं म्हणणं, असा थरार कधी पाहिला नाही. तिचं म्हणणं, थरार कुठला, तू सबंध वेळ चुळबुळ करत होतास, मला पडदा दिसला नाही. सात वर्षांचा संसार त्या रेघेवर येऊन उभा होता. रेक्झिनरावांना दोघांची माफी मागावीशी वाटली.

पण ड मधली ती बाई जाता जाता थांबली.

“ती बुटाची नाडी मात्र,” ती म्हणाली. “ते मी विसरणार नाही.”

नवरा म्हणाला, कसली नाडी?

रेक्झिनरावांनी कान टवकारले. आता ते तिसरा प्रश्न विचारू लागले. आणि नवलच झालं. होड्या करणारे, झोपणारे, पासबुकवाले, जुन्या सपाट रांगांत बसलेले सगळेजण सिनेमाला नावं ठेवत होते आणि नाडीपाशी आले की आवाज खाली आणत होते. त रांगेतले आजोबा झोपायच्या आधी तेवढं पाहून झोपले होते. च ते ठ वाल्यांना मात्र नाडी आठवतच नव्हती. ते त्या वेळी स्वतःला सावरण्यात गुंतले होते.

“ती नाडी ना,” डोअरकीपर म्हणाला. “अकरा मिनिटं आहे. तेवढ्यात मी चहा पिऊन येतो. बाकी सबंध सिनेमाभर लोक लघवीला ये-जा करतात. त्या अकरा मिनिटांत एकजणही दार उघडत नाही.”

संध्याकाळी जेवताना रेक्झिनरावांनी बायकोला सगळं सांगितलं. बाण, उतार, ज रांगेतून आपण जमिनीवर कसे पोचलो ते. ती घास हातात धरून ऐकत होती.

“म्हणजे मी घसरत होते,” ती म्हणाली.

“हो.”

“सिनेमामुळे नव्हे.”

“नव्हे.”

तिने मलमाची बाटली उचलून फळीवर ठेवली, लेबल भिंतीकडे करून. मग तिने त्यांना पुष्कळ ऐकवलं. चौतीस वर्षं खुर्च्या करता आणि खुर्चीची पुढची बाजू कळत नाही. गाव त्याला हवालदार म्हणतं, आता घसरगुंडी म्हणेल. उद्या गुपचूप फोम फिरवा, त्याला सांगा खुर्च्या खूश आहेत, आणि तोंडाला कुलूप घाला. रेक्झिनराव ऐकत राहिले. ती दम घ्यायला थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, त्या नाडीचं काय गं आहे?

कसली नाडी, ती म्हणाली.

सिनेमात आहे म्हणे. बँकेत झाडू मारणारी बाई असते, ती त्या पिस्तूलवाल्याच्या बुटाची नाडी बांधते. लोक त्याचंच बोलतात. मी काही पाहिलेलं नाही.

तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, उद्या तीनच्या खेळाला जायचं. तिघांनी. तुमच्या नव्या खुर्च्यांवर नाही.

गुरुवारी मेहुणा पावणेतीनलाच आला. नवा शर्ट होता, दाढी गुळगुळीत. रेक्झिनरावांनी त्याला आधीचा खेळ सुटल्याबरोबर रिकाम्या हॉलमध्ये नेलं. बोलायचं म्हणून वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते आयत्या वेळी सापडेना. मग त्यांनी ज-बाराकडे बोट दाखवलं.

“बस.”

मेहुणा बसला. हळूहळू खाली आला. पुन्हा वर सरकून बसला, पुन्हा खाली आला. तो नट होता. शुक्रवारचं घसरणं त्याने धास्तीवर घातलं होतं; तिसऱ्या खेपेला त्याला सगळं कळलं.

“किती खुर्च्या?” त्याने विचारलं.

“शहाण्णव. पेपरवाला ट मध्ये होता.”

“आणि बाकीच्या?”

“होड्या,” रेक्झिनराव म्हणाले. मग घाईने म्हणाले, “सगळ्या नाही. एक जागा आहे, तिथे होड्या थांबतात. चूक माझी आहे. फोम मी उलटा घातला. तुझा सिनेमा उलटा नाही. पण तो सरळ खुर्चीवर बसून बघायला हवा, एवढंच.”

मेहुणा ज रांगेत अर्धा खाली, अर्धा वर, तसाच बसून राहिला. परीक्षणाची घडी खिशातून अर्धी बाहेर आली होती. बहिणीने येऊन त्याला दंडाला धरून उठवलं, लहानपणी उठवत असेल तसं, आणि घ रांगेत नेऊन बसवलं. एका बाजूला ती, एका बाजूला रेक्झिनराव. लोक आले. दिवे गेले.

रेक्झिनराव पहिल्यांदाच पुरता सिनेमा पाहायला बसले होते, आणि सुरुवातीला तो त्यांना पाहताच येईना. नजर सारखी समोरच्या खुर्च्यांच्या पाठींकडे जाई. पहिली होडी बाविसाव्या मिनिटाला झाली. ख रांगेत. मेहुण्यालाही ती दिसली असावी, कारण त्याने श्वास सोडला. पोलीस बाहेर फारच वेळ सल्लामसलत करत होते. भोंगा खरंच मोठा होता. मध्यंतरात मेहुणा उठला नाही आणि त्याच्याशी कुणी बोललंही नाही. फक्त पुढच्या रांगेतला एकजण मागे वळला, त्याला ओळखून खूश झाला आणि म्हणाला, हवालदारसाहेब, तुम्ही कधी येणार आहात बँकेत?

चार वाजून चाळीस मिनिटांनी ती जागा आली.

पडद्यावर मेहुणा दारापाशी उभा होता. हातात पिस्तूल, अंग घामाने निथळलेलं. सातही जण भिंतीशी. झाडूवाली बाई म्हणाली, तुझी नाडी सुटलीय, पडशील. तो खाली बघतो. वाकला तर पिस्तूल खाली येणार. न वाकला तर पळता येणार नाही. सगळे त्याच्याकडे बघताहेत. बराच वेळ कुणी काही करत नाही. मग ती बाई उठते, सावकाश चालत येते आणि त्याच्यासमोर खाली बसते. पिस्तूल तिच्या कानाशी. तिचा हात पोचेल एवढ्यावर. ती म्हणते, पाय पुढे कर. आणि तो पाय पुढे करतो.

संगीत नव्हतं. नाडीच्या गाठी सोडवल्याचा आवाज येत होता. ती आधी जुनी गाठ सोडवते, मग दोन टोकं सारखी करते, मग एक फास, मग दुसरा. हॉलमध्ये कुणी खोकलं नाही. मागे दार वाजलं नाही. डोअरकीपर चहाला गेला असणार.

गाठ पडते. ती तिच्यावर अंगठा दाबते, घट्ट, दोनदा. पिस्तूल घ्यायचं ते राहूनच जातं. उठून पुन्हा भिंतीशी जाते.

“मी तीनदा दाबायचे,” रेक्झिनरावांची बायको अंधारात म्हणाली.

“दोनदा,” मेहुणा म्हणाला.

“तीनदा. तुझ्या नाड्या तरी सुटायच्याच.”

पुढच्या रांगेतून कुणीतरी ‘श्श’ केलं. रेक्झिनरावांना आपल्या उजव्या हाताला काहीतरी मऊ लागलं. बघतात तर खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन चार बोटं फाटलेलं, फोम बाहेर आलेला, आणि तो त्यांच्याच नखांत.

सहाला पाच मिनिटं कमी असताना तिघं बाहेर गाडीवर चहा घेत होते. फोन आला. मेहुण्याने तो बाजूला न जाता तिथेच घेतला.

“करतो,” तो म्हणाला. “पण आठवड्याचे चारच दिवस. हवालदाराला तीन दिवस रजेवर पाठवा. नाहीतर गोळी लागलीय असं दाखवा, मला सवय आहे.” पलीकडून काही विचारलं गेलं. तो बहिणीच्या चपलांकडे बघत होता. “तीन दिवस शिकायला लागतील. मला अकरा मिनिटं येतात. उरलेले दोन तास शिकायचेत.”

पलीकडचे बराच वेळ बोलत होते. शेवटी मेहुणा बरं म्हणाला आणि फोन खिशात टाकला. परीक्षणाची घडी काढून त्याने कपाखाली ठेवली, कप डुगडुगत होता म्हणून.

बायको रेक्झिनरावांवर आणखी आठ दिवस रागावलेली होती. पाठ मात्र दुसऱ्या दिवशीच दुखायची थांबली.

त्या आठ दिवसांत रेक्झिनरावांनी रोज बारा बारा खुर्च्या उघडल्या आणि शहाण्णव बाण पाठीकडे केले. या वेळी प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसून पाहिलं. सिनेमा दुसऱ्या आठवड्यात अर्ध्या हॉलला चालला. ते जाडगेले वकील आईला घेऊन पुन्हा आले आणि बाहेर पडताना मॅनेजरला म्हणाले की पहिल्यांदा जास्त चांगला होता, काहीतरी कापलेलं दिसतंय. नंतरच्या शुक्रवारी सिनेमा उतरला. तिकीट खिडकीवरचं कात्रण मॅनेजरने स्वतः खरवडून काढलं.

मग त्यांनी हॉलची एक फेरी घेतली, रेक्झिनरावांचाच टॉर्च घेऊन. घ रांगेत नऊ नंबरपाशी थांबले. उजव्या हाताला चार बोटं भोक होतं, आतला फोम पिवळा पडू लागलेला.

“हे राहिलं तुमचं,” मॅनेजर म्हणाले.

रेक्झिनरावांनी खिशातलं दाभण चाचपलं आणि तिथेच ठेवलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “ते मी फाडलंय.”